सरळ रेघ

मी कंपनीत रुजू झाले त्या सकाळी चार माणसं एक लांबलचक लाकडी टेबल उचलून खोलीबाहेर नेत होती. मागून पांढरा कोट घातलेली एक बाई सावकाश चालत येत होती. "डावीकडून जरा खाली घ्या. घाई करू नका, भिंतीला लागेल," एवढंच ती म्हणत होती. मी दाराशी अंग चोरून उभी राहिले. दुपारी कळलं, की ते टेबल माझ्यासाठी जागा करायला हलवलं होतं आणि ती बाई म्हणजे कंपनीतल्या सर्वांत जुन्या इंजिनिअर, वैजयंती केळुसकर.

हे १९९६ सालचं. शिरवण्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी ईसीजीची मशीनं बनवायची. छातीला आणि हातापायांना तारा लावून हृदयाचे ठोके कागदाच्या पट्टीवर उमटवणारी मशीनं. मालक नंदकिशोर सामंत यांनी सतरा वर्षांपूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये कंपनी काढली तेव्हा तिघंच होते. ते स्वतः, केळुसकर मॅडम आणि शिरवणे गावातली काशी मढवी. पहिलं सर्किट साहेबांनी काढलं, मॅडमनी सुधारलं आणि काशीने जोडलं. त्यानंतर माणसं वाढली, शेडची इमारत झाली, पण मशीनचा गाभा तोच राहिला.

मी तेवीस वर्षांची होते. पदवी माझीही इलेक्ट्रॉनिक्सचीच, पण चार वर्षांत तारांना टाके घालायचं सोल्डरिंग आयर्न हातात धरलं असेल जेमतेम दहा वेळा. प्रॅक्टिकलची जर्नलं आम्ही एकमेकींची उतरवून काढायचो. नोकऱ्या कुठे आहेत ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मी संध्याकाळी संगणकाची भाषा सी शिकले, मग सी प्लस प्लस, आणि सामंतसाहेबांनी मुलाखतीत दोनच प्रश्न विचारून मला घेतलं.

मला मिळालेली खोली एसी होती. खाली गालिचा, काचेचं दार, दाराबाहेर चपला काढायच्या. संगणकाला धूळ चालत नाही, असं सगळे म्हणायचे. मॅडमचं टेबल गेलं जिन्याखाली, स्टोअररूमच्या शेजारी. तिथे एक ट्यूबलाइट आणि एक उभा पंखा होता. ते बघून मला पहिल्या दिवशी थोडं अवघडल्यासारखं झालं. आठवड्याभरात सवय झाली.

साहेबांचा बेत साधा होता. कागदाच्या पट्टीचे दिवस संपले. आता ईसीजी संगणकाच्या पडद्यावर दिसणार, साठवता येणार, छापता येणार. त्यासाठी हृदयाचा सिग्नल संगणकात घ्यायला त्यांनी तैवानहून एक तयार कार्ड मागवलं होतं. बाकी सगळं माझ्या प्रोग्रॅमने करायचं. 

"हार्डवेअर काय, बाजारात मिळतं," साहेब पहिल्याच मीटिंगला म्हणाले. "आता अक्कल लागते ती सॉफ्टवेअरमध्ये."

मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी ते कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कार्ड कारखान्यातलं तापमान मोजायला केलंय, साहेब. हृदयाचा सिग्नल एका व्होल्टचा हजारावा भाग असतो. आणि माणसाचं अंग खोलीतल्या वायरिंगची सगळी गुणगुण पकडतं. ही गुणगुण आधीच अडवली नाही तर ठोका तिच्यात बुडतो."

"ती गुणगुण आपण सॉफ्टवेअरमध्ये काढू. काय श्रुती?"

मी लगेच हो म्हणाले. खरंच काढता येणार होती. मॅडमनी कार्ड टेबलावर ठेवलं. एकदा सांगितलेली गोष्ट त्या सहसा दुसऱ्यांदा सांगत नसत.

कार्ड लावलं तेव्हा पडद्यावर जे दिसलं ते ईसीजी म्हणण्यासारखं नव्हतं. जाड, केसाळ रेघ, आणि तीही एका जागी थांबेना. हळूहळू वर चढायची, मग खाली घसरायची. मी कामाला लागले. केसाळपणा दोन आठवड्यांत गेला. घसरण जास्त चिवट होती. शेवटी मी असं केलं, की प्रत्येक क्षणाच्या आगेमागे सिग्नलची सरासरी काढायची आणि ती वजा करून टाकायची. हळू बदलणारं जे काही असेल ते सगळं त्यात निघून जायचं. प्रोग्रॅम चालवला आणि पडद्यावर हिरवी, सुबक, ताठ रेघ आली. तिच्यावर एकसारख्या अंतरावर ठोके. पट्टीवर इतकी स्वच्छ रेघ कुणी कधी पाहिली नव्हती.

साहेबांनी सगळ्या कंपनीला बोलावून दाखवली. अकाउंट्समधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम मागे उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. सगळे पांगल्यावर जवळ आल्या.

"ही इतकी सरळ का आहे?"

मला वाटलं कौतुक करताहेत. मी सरासरीचं सांगितलं, उत्साहाने, कागदावर आकडे मांडून. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एक प्रश्न विचारला, तो इतका नेमका होता की मी चमकले. मग कळलं, गेल्या वर्षीच त्यांनी वाशीच्या क्लासमध्ये जाऊन सी शिकून घेतलं होतं. वर्गात सगळी विशीतली पोरं होती आणि या चव्वेचाळीसच्या. कंपनीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

"सांगितलं नाहीत कधी?"

"कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "भाषा छान आहे. पण मला हातातल्या कामापेक्षा त्यात मजा नाही आली. उद्या जेवणानंतर जिन्याखाली येशील? तुझा संगणक तिकडे येणार नाही, म्हणून मीच काहीतरी तुझ्याकडे पाठवणार आहे. आधी ते बघून घे."

दुसऱ्या दिवशी गेले. काशी टेबलाच्या टोकाला बसली होती, समोर रोधकांचा ढीग. रोधक म्हणजे रेझिस्टर, तांदळाच्या दाण्याएवढे, अंगावर रंगीत पट्टे असलेले. एकेक मीटरला लावायची, आकडा बघायची, मग बोटांच्या चिमटीत धरून पाच मोजायची आणि पुन्हा आकडा बघायची.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"गरम करून बघतंय," काशी म्हणाली. "बोटाच्या उबेनं ज्याचा नंबर लय हलतो तो आपल्या कामाचा नाय. आनि दोघांचा सारखाच हलला तर त्यांची जोडी. कसं हाय, दोघं एकसारखे नसले का बाहेरची गुनगुन आत शिरते."

मी पाठ केलेलं एक सूत्र होतं. ह्या गुणगुणीला नाव आहे, ती किती अडली ते मोजायचं एकक आहे, परीक्षेत त्याला सात मार्क होते. काशी सहावीपर्यंत शिकली होती आणि तेच सूत्र सतरा वर्षं बोटांनी सोडवत होती.

मॅडमनी मला एक पेटी दाखवली. मिठाईचा पत्र्याचा डबा, आत बॅटरी, बाहेर तीन बटणं आणि दहा खुंट्या. "हा आपला खोटा पेशंट. याला तुझ्या मशीनच्या तारा लावायच्या. पहिलं बटण म्हणजे निरोगी माणूस. दुसरं म्हणजे हलणारा, श्वास घेणारा माणूस. तिसरं म्हणजे ज्याला आत्ता, या क्षणी झटका येतोय तो."

"याचं नाव पुतळा," काशीने सांगितलं. "माझ्या ननंदेचं हाय. तिला रोज नवीन दुखनं असतं."

संगणकाच्या खोलीत जाऊन मी पुतळाला तारा लावल्या. पहिलं बटण, सुंदर ठोके. दुसरं बटण, तरी रेघ ताठ. मी खूश. तिसरं दाबलं. काहीच बदललं नाही. तेच सुंदर, निरोगी ठोके. मला वाटलं बटण बिघडलं. जुनं कागदाचं मशीन आणून त्याला तारा लावल्या. पट्टीवर प्रत्येक ठोक्यानंतर रेघ उंच राहिलेली स्पष्ट दिसत होती, खांदे वर चढवून बसलेल्या माणसासारखी. ती झटक्याची खूण. ती हळू बदलते. आणि माझा प्रोग्रॅम हळू बदलणारं सगळं कचरा समजून फेकून देत होता.

मी तिसरं बटण किती वेळा दाबलं ते आठवत नाही.

संध्याकाळी मॅडम आणि मी जुईनगरपर्यंत चालत निघालो. आम्ही दोघी तिथेच राहायचो, त्या स्टेशनच्या पलीकडे, मी अलीकडे.

"तुम्ही हे साहेबांना सरळ सांगू शकला असता," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"मग तू सर्वांत आधी तुझा प्रोग्रॅम वाचवायला बघितलं असतंस. माणूस तेच करतो. तुला कळणं गरजेचं होतं, कारण तो बदलणार तूच."

मग मी मनातलं विचारलंच. "ते टेबल हलवलं त्याचं वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. त्या रात्री जेवले नाही. आमचे हे म्हणाले, राजीनामा दे." त्या हसल्या. "पण सकाळी उठल्यावर हिशेब केला. मला काय येतं ते मला माहीत आहे. ते टेबल गालिच्यावर असो नाहीतर जिन्याखाली. जिन्याखाली एक फायदाही आहे, एक दिवा-पंखा सोडला तर वरून विजेची वायर जात नाही. सिग्नल स्वच्छ मिळतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी पडदा आणि पट्टी दोन्हींचे कागद पुढे ठेवले. साहेबांनी ते पाहिले. ते मूर्ख नव्हते, दोन मिनिटांत समजले.

"वैद्यकीय उपकरणांचं प्रदर्शन दीड महिन्यावर आहे," ते म्हणाले. "स्टॉल बुक झालाय. श्रुती, हा सरासरीचा फिल्टर बटणावर टाक. ज्याला हवा त्याने लावावा, ज्याला नको त्याने काढावा."

"काढला तर रेघ पडद्याबाहेर जाते, सर. ते कार्डच तसं आहे. मग प्रत्येक डॉक्टर तो लावूनच ठेवणार."

"डॉक्टरांना स्वच्छ चित्र हवं असतं."

"त्यांना खरं चित्र हवं असतं," मॅडम म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "साहेब, चाचणीच्या कागदावर माझी सही लागते. या मशीनच्या कागदावर मी ती करणार नाही."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "ठीक आहे. यापुढे सॉफ्टवेअरची मशीनं सॉफ्टवेअरचा माणूस तपासेल. श्रुती सही करेल."

हे इतकं सहज आलं की क्षणभर मला ते बढतीसारखं वाटलं. घरी आईबाबांना सांगण्यासारखं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, जणू यात त्यांचा काही संबंध नव्हता, आणि मला वाटतं ते त्यांनी मुद्दाम केलं.

"मीपण नाही करणार, सर," मी म्हणाले. "मिठाईच्या डब्यातला झटका मला दिसला नाही. माणसाचा कसा दिसेल?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पट्टीचा कागद पुन्हा जवळ ओढला. मग मॅडमना विचारलं, "तुमचा जुन्या मशीनमधला अॅम्प्लिफायर संगणकाला जोडायचा तर किती दिवस?"

"एकवीस."

"पंचवीस घ्या. पण सव्विसावा नाही."

ते पंचवीस दिवस माझ्या शिक्षणाचे. खरं शिक्षण तिथे झालं असं म्हणणं सोपं आहे, पण मला तसं म्हणायचं नाही, कारण कॉलेजात शिकवलेलंच सगळं होतं. फक्त आता ते हाताला लागत होतं. मॅडमनी अॅम्प्लिफायरचं, म्हणजे गुणगुण अडवून हृदयाचा सिग्नल मोठा करणारं, नवीन सर्किट काढलं. कागदावर, पेन्सिलीने, खोडरबर फारसं न वापरता. मी विचारायचे, हा कपॅसिटर इथे का? त्या म्हणायच्या, काढून बघ. मी काढायचे आणि पडद्यावर रेघ थरथरायला लागायची. मी परत लावायचे. त्यांच्या शिकवण्याची पद्धत बहुतेक एवढीच होती.

काशीने पहिल्या बोर्डासाठी रोधकांच्या जोड्या लावल्या. चारशेंतून अकरा जोड्या निघाल्या. बोर्ड तयार झाल्यावर शेवटचा एक छोटा स्क्रू फिरवून गुणगुण कमीत कमी करायची असते. मॅडमनी तो स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी तासभर फिरवला. कमी व्हायची, पुन्हा वाढायची. काशी शेजारी उभी होती.

"श्रुतीबाय, श्वास सोड," ती म्हणाली. "तू श्वास धरून हात दाबतंय. हात सैल ठेव, तो आपोआप जागेवर जातो."

मी श्वास सोडला. गुणगुण पडद्यावरून नाहीशी झाली, म्हणजे अगदी नाहीशी नाही, एका केसाएवढी राहिली. काशीने मान डोलावली आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकला, हलू नये म्हणून. लाल रंगाचं नेलपॉलिश, तिच्या मुलीचं.

त्यानंतर माझं काम उलटं होतं. मी सरासरीवाला फिल्टर पुसून टाकला आणि त्याच्या जागी एक अगदी सौम्य फिल्टर लिहिला. हळू बदलणाऱ्या खुणेला हात न लावणारा. आता रेघ पूर्ण ताठ नव्हती. श्वासाबरोबर किंचित वर-खाली व्हायची. मला ती आधी गबाळी वाटली. दोन दिवसांनी ती जिवंत वाटायला लागली.

बाविसाव्या दिवशी आम्ही मशीन घेऊन जुईनगरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये गेलो. तिथले डॉक्टर स्वानंद आपटे आमची जुनी मशीनं दहा वर्षं वापरत होते. त्यांनी तीन दिवसांत चाळीस पेशंट दोन्ही मशीनांवर तपासले. नवीन मशीन कुठे चुकतं ते शोधायचंच असा त्यांचा पवित्रा होता, आणि मॅडमना तसाच माणूस हवा होता. तिसऱ्या दिवशी दिघ्याहून एक कामगार आला. छाती चोळत होता, पण ॲसिडिटी आहे, गोळी द्या, कामावर जायचंय, म्हणून हटून बसलेला. डॉक्टरांनी तारा लावल्या. पडद्यावर रेघेने खांदे वर चढवले होते. जुनं मशीन लावायच्या आधीच डॉक्टरांनी अॅम्ब्युलन्सला फोन केला.

मी कोपऱ्यात उभी होते. आधीचा फिल्टर असता तर हा माणूस गोळी घेऊन कामावर गेला असता, हे तिथे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढला. तो माणूस वाचला. पंधरा दिवसांनी त्याची बायको पेढे घेऊन डॉक्टरांकडे आली, ते त्यांनी आमच्याकडे पाठवले. काशीने पहिला पेढा पुतळाच्या डब्यावर ठेवला.

प्रदर्शनात मशीन चाललं. ऑर्डरी आल्या. माहितीपत्रकावर माझा फोटो होता, संगणकासमोर बसलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत अत्याधुनिक सॉफ्टवेअर. अॅम्प्लिफायरबद्दल एक ओळ होती, मागच्या पानावर. ते पत्रक मी मॅडमना दाखवायचं टाळत होते. त्यांनीच एक मागून घेतलं, वाचलं आणि म्हणाल्या, "फोटो चांगला आलाय. केस मोकळे सोडलेले शोभतात तुला." त्यांना टोमणा मारता येत नसे, त्यामुळे मला तो तसाच घ्यावा लागला.

मला वाटलं होतं, आता टेबल वर येईल. आलं नाही. १९९७ च्या पावसाळ्यानंतर साहेबांनी मॅडमना बोलावलं. एक नवीन चिप निघाली होती. मॅडमच्या बोर्डावर जे काही होतं ते बहुतेक सगळं त्या एका चिपमध्ये बसत होतं. जोड्या लावायला नकोत, स्क्रू फिरवायला नको. टेबल बंद करायचं, काशीला पॅकिंगमध्ये घ्यायचं आणि मॅडमनी परचेस मॅनेजर व्हायचं. पगार तोच, केबिन एसी.

त्यांनी मला हे जिन्याखाली बसून सांगितलं, डब्यातली आंबोळी खाता खाता.

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं चिप चांगली आहे, घ्याच. मी तिची माहिती वाचलीय, ज्याने काढली त्याला काम येतं. पण परचेसमध्ये बसायला मी शिकले नाही. महिनाअखेरीला जाते."

"मग आता?"

"शिरवण्यात काशीच्या घरात तळमजल्याला एक खोली रिकामी आहे. आधी तिथे टेलर होता. उजेड चांगला येतो." त्यांनी डबा बंद केला. "या पट्ट्यात किती कारखाने आहेत, श्रुती? रंगाचे, औषधांचे, वजनकाट्यांचे. सगळीकडे काही ना काही मोजतात. मोजणारी वस्तू कधीतरी खोटं बोलायला लागते. तेव्हा त्यांना कुणीतरी लागेल."

मी घाबरले होते त्यांच्यासाठी. त्या घाबरल्या नव्हत्या. काशी तर पॅकिंगचं नाव काढल्यावर हसलीच होती. नवं शहर वसवायला सिडकोने गावच्या जमिनी घेतल्यावर तिच्या नवऱ्याने, गोटीरामने, मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर तीन मजले चढवले होते. भाडी येत होती. ती नोकरी करत होती ती नोकरीची गरज म्हणून नव्हे.

"मला काय खोकी बांधता येत नाय असं नाय," ती म्हणाली. "पन मग बोटांचं काय करायचं?"

पहिले तीन महिने त्यांना काम कमी होतं. मग रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्यातलं आम्लता मोजणारं मीटर आलं, ते दुरुस्त झालं, आणि तिथल्या माणसाने दुसऱ्याला सांगितलं. ट्रकचं वजन करणारे काटे आले. शिरवण्याच्या देवळाचा लाउडस्पीकरसुद्धा आला. हे काम मुलांना शिकवावं असं मॅडमच्या मनात होतं, पण शिकायला कुणी आलं नाही. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी सूचनाफलकावर चिठ्ठी लावली होती. मुलं सगळी संगणकाच्या क्लासला जात होती आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मीही तेच केलं होतं, आणि आजही मी सॉफ्टवेअरच लिहिते. मला ते आवडतं, चांगलं जमतं. फक्त शनिवारी दुपारी मी शिरवण्याला जायला लागले. सुरुवातीला भेटायला म्हणून, मग कामाला.

१९९८ च्या एप्रिलमधला असाच एक शनिवार. मी टेबलापाशी बसून एका काट्याची तार सोलत होते. दारात गाडीचा नव्हे, बुटांचा आवाज आला. गाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून सामंतसाहेब नाक्यापासून चालत आले होते. हातात आमच्याच कंपनीच्या नव्या मशीनचे दोन बोर्ड. मला बघून ते थबकले, मग नुसते हसले.

"वैजयंतीबाई, दहांतले तीन पीस गुणगुणतात," ते म्हणाले. "चिप बदलून बघितली. सॉफ्टवेअर बघितलं, श्रुतीला विचारा. काही सापडत नाही."

"बसा साहेब. हा काटा संपवते, मग बघते. काटेवाल्यांचा ट्रक नाक्यावर खोळंबलाय."

साहेब स्टुलावर बसले. काशीने पाणी दिलं. अठरा-एकोणीस वर्षांत त्यांना कुणी असं थांबायला सांगितलं नसेल. पण त्यांना राग आलेला दिसला नाही. ते टेबलावरची एकेक वस्तू बघत होते. पाऊण तासाने मॅडमनी त्यांचा बोर्ड घेतला, भिंगाखाली धरला, मागे वळवला.

"चिपचा दोष नाही. या बोर्डाचा नकाशा संगणकाने आखलाय ना?"

"हो. नवीन पॅकेज घेतलं. रेषा आपोआप टाकतं."

"त्याने संगणकाकडचा गोंगाट आणि हृदयाचा सिग्नल एकाच परतीच्या वाटेवर सोडलाय. कागदावर दोन्ही वाटा शून्य व्होल्टच्याच आहेत, त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. इथून इथे एक जाड तार टाकायची आणि ही रेष कापायची. पुढच्या बोर्डावर मी आखून देईन."

त्यांनी ब्लेडने रेष कापली आणि आयर्नकडे हात नेला. साहेबांनी मधेच विचारलं, "मी टाकू?"

मॅडमनी आयर्न त्यांच्या पुढे केलं. साहेबांनी बाह्या दुमडल्या, चष्मा कपाळावर चढवला. पहिला टाका राखाडी, ओबडधोबड आला. त्यांनी तो वितळवून काढला आणि पुन्हा टाकला. खिशातला मोबाइल वाजला, त्यांनी तो न बघताच बंद केला.

"हा कपॅसिटर कुठला? पूर्वी आपण हेच लावायचो."

"लॅमिंग्टन रोड," मॅडम म्हणाल्या. "एकाच दुकानात राहिलेत आता. मी सगळे उचलले."

"मला काही देशील?"

त्यांना 'देशील' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. पत्र्याच्या शेडमधल्या दिवसांत बहुतेक तसंच म्हणत असावेत.

"बघते," मॅडम म्हणाल्या. "आधी टाका नीट घाला. अजून चमक आली नाही."

काशी उठली आणि कोपऱ्यातला उभा पंखा बंद केला. "वाऱ्यानं टाका लवकर थंड होतो, साहेब. इसरलेत तुमी." मग ती परत आपल्या जागेवर येऊन बसली, आणि आम्ही चौघं त्या उकाड्यात घाम पुसत बोर्डाकडे बघत राहिलो.